गद्र्यांनी मॅच पाहू नये

जुलैच्या मध्यापर्यंत फॉक्स रिव्हर हेरन्स ही बेसबॉलची टीम बावन्न मॅचेस खेळली होती आणि त्यातल्या शेहेचाळीस हरली होती. नुसतीच हरली असती तर सुमंत गद्र्यांनी ते पोटात घातलं असतं. हरायलाही एक रीत असते. पण हेरन्सना तीही जमत नव्हती. एकदा उंच उडालेल्या चेंडूखाली तीन फील्डर येऊन उभे राहिले, तिघांनी एकमेकांना ‘तू घे, तू घे’ असा आग्रह केला आणि चेंडू तिघांच्या मधोमध येऊन पडला. एकदा त्यांच्या एका बॅटरने सीझनमधला सगळ्यात देखणा होम रन मारला आणि आनंदाच्या भरात धावताना पुढे धावणाऱ्या आपल्याच माणसाला मागे टाकलं. तसं केलं की नियमाप्रमाणे माणूस बाद होतो. तो झाला. आणि जूनमधल्या एका शुक्रवारी तर टीम स्वतःच्याच स्टेडियमवर पाऊण तास उशिरा पोचली, कारण आजची मॅच घरची आहे हे कोणाच्या लक्षातच नव्हतं. बस कांकाकी गावाच्या निम्म्या वाटेवरून परत फिरली होती.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आपल्या घरापासून वीस मिनिटांवरच्या त्या छोट्याशा स्टेडियममध्ये बसून सुमंतराव हे सगळं पाहत होते आणि वहीत लिहून ठेवत होते. वय बहात्तर. सांगलीहून इंजिनियर होऊन ऐंशी साली अमेरिकेत आले आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. त्या एकतीस वर्षांत एकाही सदोष व्हॉल्व्हवर त्यांनी सही केली नाही. एकदा खुद्द प्लांट मॅनेजर ‘एवढा एक जाऊ दे’ म्हणाला, तेव्हा तो व्हॉल्व्ह त्याच्याच हातात देऊन ‘मग सही तुम्ही करा’ असं त्यांनी सांगितलं होतं. त्या वर्षी त्यांचं प्रमोशन हुकलं. क्रिकेटचं वेड घेऊन आलेल्या या माणसाला हेरन्सचा नाद लावला तो कारखान्यातल्या एका सोबत्याने. सोबती रिटायर होऊन फ्लोरिडाला गेला, नाद मागे राहिला. शिकागोतल्या मोठ्या टीम्सचं त्यांना काही वाटत नसे. “त्यांचं आपल्यावाचून अडत नाही,” असं ते म्हणत.

टीम शेहेचाळिसाव्यांदा हरल्यावर ते घरी आले, जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टीमच्या ऑफिसला पत्र लिहायला बसले. पत्र तीन दिवस चाललं. अकरा पानं आणि तीन परिशिष्टं झाली.

“लग्नाआधी मला तुम्ही दीड पानाच्या वर कधी लिहिलं नाहीत,” उत्तराताई म्हणाल्या. त्या रिटायर्ड फार्मासिस्ट. बेसबॉलमधलं त्यांना एवढंच ठाऊक होतं की मॅचच्या दिवशी नवरा चार तास घरात नसतो.

“तुझ्यात एवढे दोष नव्हते,” सुमंतराव म्हणाले आणि लिहीत राहिले.

पत्रात त्यांनी सगळं मांडलं होतं. पिचर ड्वेन दर पाचवा चेंडू टाकल्यावर खांदा का चोळतो, फील्डर एकमेकांना हाका का मारत नाहीत, बसच्या ड्रायव्हरला वेळापत्रक कोण देतं. आणि आपण उडत्या गप्पा मारत नाही हे कळावं म्हणून, जाता जाता, परिशिष्ट दोनमध्ये एक ओळ घातली: ‘घरच्या सव्वीस मॅचेसपैकी पंचवीस मी स्वतः हजर राहून पाहिल्या आहेत. या पंचवीसही आपण हरलात. जिंकलात ती एकच, चार जूनची, जेव्हा मी कोलोनोस्कोपीसाठी दवाखान्यात होतो.’

या एका ओळीने पुढचं सगळं रामायण घडलं.

शनिवारी सकाळी दारावरची बेल वाजली. बाहेर हेरन्सची टोपी घातलेला, चाळिशीला आलेला एक माणूस उभा होता. लॅपटॉप छातीशी धरलेला.

“नमस्कार काका. मी परीक्षित. मूळचा नागपूरचा. हेरन्सचा डेटा मी बघतो. तुमचं पत्र आलं होतं.”

सुमंतरावांचा चेहरा फुलला. चाळीस वर्षांत टीमकडून त्यांना आलेली ही पहिली दखल. त्याला आत घेतलं, बसवलं, उत्तराताईंनी चहा आणि शंकरपाळी आणली.

“सगळं वाचलंस?”

“तीनदा वाचलं काका. ड्वेनच्या खांद्याचं एकदम करेक्ट आहे.” परीक्षितने चहाचा कप खाली ठेवला, उचलला, परत ठेवला. “काका, कसं सांगू... टीमची रिक्वेस्ट आहे. तुम्ही मॅचला येऊ नका.”

उत्तराताईंनी शंकरपाळ्यांची बशी हातातच धरली.

“म्हणजे?” सुमंतराव म्हणाले.

“परिशिष्ट दोन. मी सहज मीटिंगमध्ये दाखवलं, यार, जोक म्हणून. कोणी हसलंच नाही. प्लेयर्सनी तर तिकीट स्कॅनरचा डेटा काढायला लावला. पंचवीसच्या पंचवीस, काका.”

सुमंतराव उठून उभे राहिले. “अरे, तू शिकलासवरलेला माणूस! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली का?”

“नाही ना काका. पण कावळा पंचवीस वेळा बसलाय.”

“बाहेरगावी पाच जिंकल्यात त्यांनी! त्या मी रेडिओवर ऐकल्यात. मी एकही मॅच चुकवत नाही.”

“वही बघता का एकदा?” परीक्षित हळूच म्हणाला.

वही आणली गेली. सुमंतरावांनी चष्मा लावून त्या पाच विजयांची पानं काढली. बारा मेच्या पानावर त्यांच्याच अक्षरात होतं: ‘ऐकली नाही. हर्नडनहून लेकीचा, वैदेहीचा फोन, छत गळतंय, अडीच तास.’ सव्वीस मे: ‘महाराष्ट्र मंडळाचं नाटक. तिसरा अंक संपता संपेना.’ सात जून: ‘रेडिओचे सेल संपले.’ एकोणीस जून: ‘दाढ. गोळी घेऊन झोपलो.’ तीस जून: ‘उत्तराने व्हॅक्यूम लावला.’

उत्तराताईंनी वही स्वतःकडे ओढून पुन्हा एकदा पाहिली.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या. “एक तर माझ्यामुळे जिंकलेत.”

“प्लेयर्सनी लॉकर रूममध्ये तुमचा फोटो लावलाय, काका,” परीक्षित म्हणाला.

“माझा?” सुमंतरावांचा आवाज क्षणभर मऊ झाला.

“भिंतीकडे तोंड करून.”

दुसरा कोणी असता तर त्याने परीक्षितला टोपीसकट बाहेर काढलं असतं. सुमंतराव येरझारा घालू लागले. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून परत. सातव्या फेरीला थांबले.

“ठीक आहे. सिद्ध करू. पण नीट, पद्धतशीर. प्रत्येक मॅचच्या आधी नाणं टाकायचं. छापा पडला तर मी पाहणार, काटा पडला तर नाही पाहणार. टीव्ही नाही, रेडिओ नाही, फोन नाही. सीझन संपला की आकडे समोर ठेवू आणि तो फोटो तुम्ही सगळे मिळून सरळ कराल.”

परीक्षितला हेच हवं होतं असं नाही, पण काही नसण्यापेक्षा बरं. “डन, काका.”

“थांब. मी घरी बसून चोरून पाहिली नाही हे कोण सांगणार? मीच? स्वतःच्या मालावर स्वतःच शिक्का मारायचा? असला कारभार मी एकतीस वर्षांत चालू दिला नाही. स्वतंत्र निरीक्षक पाहिजे.”

“काका, आम्ही विश्वास ठेवतो ना...”

“मी नाही ठेवत,” सुमंतराव म्हणाले.

टीमकडे माणसांचा तुटवडा होता. तिकिटं फाडणारी बाईच हॉट डॉग विकत होती. मॅचच्या वेळी रिकामा होईल असा एकच जण होता: हर्बी, म्हणजे टीमचा शुभंकर, हेरन्स या नावावरून घेतलेलं सहा फुटी निळ्या-करड्या बगळ्याचं सोंग. पूर्वी तो मैदानाच्या कडेने नाचत लोकांना उत्साह द्यायचा. या सीझनला लोक त्याच्यावर शेंगदाणे मारत होते. त्याला मॅचपासून लांब ठेवणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

पहिल्याच दिवशी काटा पडला. संध्याकाळी सहाला परीक्षितची गाडी ड्राइव्हवेत थांबली आणि मागच्या सीटवरून आधी चोच बाहेर आली. मग एक पंख, मग उरलेला बगळा. समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायचं विसरलं.

“हर्बी बोलत नाही हं काकू,” परीक्षितने सांगितलं. “कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे. ड्यूटीवर असताना डोकं काढायचं नाही आणि बोलायचं नाही. लहान मुलांचा विश्वास असतो ना. मॅच संपली की त्याच्या फोनवर रिझल्ट येईल.”

चोच दारातून आत येईना. आडवी करून आणावी लागली. बगळा रिक्लायनरवर बसला आणि काचेचे डोळे सुमंतरावांवर रोखून राहिला. सुमंतरावांनी वर्तमानपत्र उघडलं. पंधरा मिनिटांनी त्यांच्या लक्षात आलं की आपण एकच ओळ वाचतोय. त्यांनी मान वर केली. बगळा पाहत होता.

“याला काही द्यायचं की नाही?” उत्तराताईंनी विचारलं.

“निरीक्षकाला खाऊपिऊ घालू नये.”

“तुमच्या कारखान्यात नसेल. माझ्या घरात आलेला कोणी उपाशी जात नाही.” त्यांनी ताक केलं, त्यात स्ट्रॉ घातला आणि तो चोचीच्या फटीतून आत सरकवला. थोड्या वेळाने गुर्रर्र असा आवाज आला आणि ग्लास रिकामा झाला. पंख वर झाला. अजून हवं होतं.

नवाच्या सुमाराला बगळ्याच्या पोटात कुठेतरी फोन किणकिणला. त्याने पंखाने चाचपून तो काढला, डोळ्यांपाशी नेला, आणि ताडकन उभा राहून असे काही पंख फडफडवले की कॉर्नर टेबलवरचा दिवा आडवा झाला.

हेरन्स जिंकले होते. नऊ विरुद्ध एक.

दुसऱ्या दिवशी पुन्हा काटा, पुन्हा जिंकले. तिसऱ्या दिवशी छापा पडला आणि सुमंतराव वही घेऊन स्टेडियमवर गेले. ते आपल्या जागेवर बसायच्या आतच कोणीतरी त्यांना ओळखलं. आधी चार लोक ओरडले, मग चाळीस, मग मैदानभर ‘हूऽऽ’ असा आवाज घुमला. चाळीस वर्षांत एवढी गर्जना त्यांनी हेरन्सच्या कुठल्याही खेळाडूसाठी ऐकली नव्हती. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने त्यांच्या डोळ्यांसमोर छत्री उघडून धरली. एक अटेंडंट नम्रपणे येऊन म्हणाला, “सर, तुम्ही पार्किंगकडे तोंड करून बसलात तर चालेल का?”

“माझ्या तिकिटावर मैदानाकडे तोंड आहे,” सुमंतराव म्हणाले.

हेरन्स चौदा-शून्यने हरले.

ऑगस्ट असाच गेला. काटा पडला की जिंकायचे, छापा पडला की हरायचे. काटाच जास्त पडत होता, त्यामुळे टीम हळूहळू वर सरकू लागली. पेपरात बातमी आली. ‘गद्रे’ हा शब्द तिथल्या लोकांना उच्चारता येत नव्हता, तरी टी-शर्टवर छापता आला. मैदानावर मुलं ‘सूमंट गो होम’ असं तालात म्हणायला शिकली.

हे लोण आपल्या लोकांत पोचायला वेळ लागला नाही. एका मंगळवारी शोभनाकाकूंचा फोन आला. मंडळाच्या जुन्या सेक्रेटरी, तीस वर्षांची ओळख.

“भावजी, रागावू नका हं. आमच्या अनिलचा ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू आहे गुरुवारी.”

“अरे वा! माझ्या शुभेच्छा सांगा त्याला.”

“तेच सांगायला फोन केला,” शोभनाकाकू घाईघाईने म्हणाल्या. “शुभेच्छा नका देऊ. म्हणजे मनातसुद्धा नको. गुरुवारी सकाळी नऊ ते अकरा आमचा विचारच करू नका. प्लीज.”

त्या गुरुवारी नऊ ते अकरा सुमंतरावांच्या डोक्यात अनिलशिवाय दुसरं काही आलं नाही. त्यांनी पाढे म्हटले, गराज आवरलं, शेवटी थंड पाण्याने अंघोळ केली. शॉवरमध्येही अनिल होताच. अनिलला ग्रीन कार्ड मिळालं. हे त्यांनी परीक्षितला फोन करून सांगितलं, पुरावा म्हणून. परीक्षित म्हणाला, “काका, ते बेसबॉल नाहीये ना.”

त्या दिवशी पहिल्यांदा ते खचले. संध्याकाळी काटा पडला होता, बगळा रिक्लायनरवर होता, उत्तराताई त्याला आपल्या बहिणीच्या सुनेची गोष्ट मराठीत सांगत होत्या. गेले काही आठवडे त्या त्याला सगळंच सांगत असत, कारण घरात इतकं मन लावून ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. बगळा योग्य ठिकाणी मान हलवायचा.

“उत्तरा,” सुमंतराव मध्येच म्हणाले, “मी पांढऱ्या पायाचा आहे का गं?”

उत्तराताई थांबल्या. “सत्तेचाळीस वर्षं तुमच्याबरोबर काढली. मी धडधाकट आहे, मुलगी धडधाकट आहे, घर उभं आहे. तुमचे पाय पांढरे असते तर पहिली मी कोसळले असते.”

बगळ्याने जोरजोरात मान हलवली.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी शेवटची मॅच होती, दुपारची, घरची, कांकाकी कॅनन्सविरुद्ध. हेरन्स आणि कॅनन्स दोघेही लीगच्या तळाशी बरोबरीत होते. जो हरेल तो शेवटचा. जुलै महिन्यात ही बरोबरी कोणी स्वप्नातही पाहिली नसती. हेरन्सच्या लोकांना ही मॅच बेसबॉलच्या सर्वोच्च लढतीसारखी, वर्ल्ड सिरीजसारखी वाटत होती.

सकाळी दहाला नाणं टाकलं. काटा.

अकराला घरासमोर हॉर्न वाजले. कांकाकीहून तीन गाड्या भरून माणसं आली होती. ‘सुमंतला सोडा’ असे बोर्ड त्यांच्या हातात होते. त्यांचा म्हातारा पुढारी फोल्डिंग खुर्ची घेऊन पोर्चपर्यंत आला.

“मिस्टर गद्रे, आम्ही तुम्हाला घेऊन जातो. सावलीतली जागा, खायला काय म्हणाल ते. तुम्ही फक्त बघा.”

“मी हेरन्सचा माणूस आहे,” सुमंतराव म्हणाले.

“म्हणूनच तर आलोय.”

“काटा पडलाय. प्रयोगाचे नियम आहेत.”

“एक इनिंग तरी! अर्धी!”

सुमंतरावांनी दार लावून घेतलं. ती माणसं तास-दीड तास लॉनवर बसून राहिली. शेवटी उत्तराताईंनी त्यांना चिवडा नेऊन दिला, तेव्हा आभार मानून ती मॅचला गेली.

एक वाजता बगळा आला. आता त्याला चोच कशी वळवायची ते सवयीने कळत होतं. सुमंतरावांना हात रिकामे ठेवणं जमेना म्हणून उत्तराताईंनी त्यांच्यापुढे कोथिंबिरीच्या चार जुड्या टाकल्या. त्यांनी त्या काडी काडी निवडल्या. मग मेथी निवडली. मग उत्तराताईंकडे निवडायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी तांदळाचा डबा काढून दिला.

सव्वाचारला फोन किणकिणला. बगळ्याने तो काढला, डोळ्यांपाशी नेला. पंख फडफडले नाहीत. तो तसाच बसून राहिला. मग हळूहळू त्याची चोच छातीवर आली.

“काय झालं?” सुमंतरावांनी विचारलं.

बगळ्याने दोन्ही पंखांनी आपलं डोकं धरलं, पिळलं आणि उपटून मांडीवर ठेवलं. आतून पांढऱ्याशुभ्र केसांची, घामेजलेली, सत्तरीची एक बाई बाहेर आली.

“आठ-तीन. हरलो,” ती म्हणाली. “मी डॉटी. सॉरी, पण तुमचं बाथरूम कुठे आहे? दीड महिना विचारायचंय.”

उत्तराताईंनी बोट दाखवलं. आपण या दीड महिन्यात या माणसाला, म्हणजे या बाईला काय काय सांगितलं ते त्यांना आठवू लागलं, पण ते सगळं मराठीत होतं हेही आठवलं.

सुमंतराव मात्र तांदळाचं ताट हातात घेऊन उभे होते. मी पाहिली नाही. ऐकली नाही. तरी हरले. डोक्यात हे एकेक करून उतरलं आणि मग ताट बाजूला ठेवून त्यांनी दोन्ही हात वर केले.

“हरलो!” ते ओरडले. “उत्तरा, आपण हरलो! स्वच्छ हरलो! पाच रनांनी!” आणि बहात्तराव्या वर्षी त्यांनी दिवाणखान्यात एक गिरकी घेतली. डॉटी बाथरूममधून बाहेर आली तर ते तिचे पंख धरून नाचू लागले. “माझ्यामुळे नाही! ते आपले आपण हरले! त्यांना येतच नाही खेळता!”

डॉटी हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सोळा वर्षं ती हा पिसारा घालून नाचत होती. तिच्याकडे पाहता पाहता सुमंतरावांचे पाय थांबले. टीम तळाला गेली होती. त्यांची टीम. ते हळूच सोफ्यावर बसले.

सीझन संपल्यावर खेळाडू गेटपाशी उभे राहून लोकांचे आभार मानत, आणि तिथे हर्बी लागायचाच. परीक्षित तिकडे अडकला होता, म्हणून गद्रे दांपत्यच डॉटीला घेऊन निघालं. मागच्या सीटवर बगळा, त्याचं डोकं त्याच्या मांडीवर. वाटेत तिने ते चढवलं.

गेटपाशी नऊशेएक माणसं होती. गाडीतून सुमंतराव उतरले तसा सगळा घोळका गप्प झाला. कोणी ‘हूऽऽ’ केलं नाही. लोक बाजूला सरले, काहींनी नजर खाली घातली. एक बाई पुटपुटली, “सॉरी, सर.” सुमंतरावांना हे सगळं पंधरा दिवस स्वप्नात दिसत होतं, पण स्वप्नात ते इतकं वाईट वाटत नव्हतं.

पिचर ड्वेन भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. सव्वासहा फुटांचा गडी, पायांत बूट नाहीत. आठही रन्स त्याच्याच बोलिंगवर गेले होते. त्याच्या शेजारी परीक्षित लॅपटॉप उघडून नुसता बसला होता.

“मिस्टर गद्रे,” ड्वेन म्हणाला, “तुम्ही खरंच नव्हता ना पाहत?”

“तुझा खांदा कसा आहे?”

“दुखतोय. मे महिन्यापासून दुखतोय.” तो थोडा वेळ आपल्या पायांकडे पाहत राहिला. “तुम्ही होता तोवर बरं होतं. हरलो की वाटायचं, त्या सातव्या रांगेतल्या माणसामुळे. घरी आईला सांगायचो, ती पण तुम्हाला शिव्या घालायची. आज कोणाला घालेल?”

बाकीचे खेळाडू ऐकत होते. त्या तिघांमधला एक होता, ज्यांनी चेंडू एकमेकांना देऊ केला होता. तो तर रडतच होता.

सुमंतराव उभे होते. खिशात वही होती. प्रयोग पूर्ण झाला होता, निरीक्षक शेजारी उभा होता. ‘फोटो सरळ करा’ एवढं एक वाक्य बोलायचं बाकी होतं. त्यांनी घसा खाकरला.

“चौथ्या इनिंगला,” ते म्हणाले, “मी रेडिओ लावला होता.”

ड्वेनने मान वर केली.

“गराजमध्ये. निरीक्षकाला पाण्याचा ग्लास आणायला पाठवलं आणि लावला. राहवलं नाही.”

बगळ्याची मान गर्रकन वळली. काचेचे डोळे सुमंतरावांवर आले आणि तिथेच राहिले. मग चोच सावकाश खालीवर झाली. होय, असंच झालं.

“चौथी!” ड्वेन उठून उभाच राहिला. “चौथीतच त्यांनी पाच मारले! मी म्हणत नव्हतो? माझा हात एकदम जड झाला होता! म्हणत नव्हतो मी?”

“किती वेळ, काका?” परीक्षितने विचारलं. बोटं कीबोर्डवर होती, पण चेहऱ्यावरून त्याचा विश्वास बसला आहे असं दिसत नव्हतं.

“तीन मिनिटं असेल.”

“म्हणजे ट्रायल बाद.”

“बाद. माझीच चूक.”

“पुढच्या वर्षी पहिल्यापासून करावी लागेल.”

“लागेल.”

गर्दीत कुणीतरी बारीक आवाजात ‘हूऽऽ’ केलं. दुसऱ्याने धरलं. बघता बघता नऊशे माणसांनी आवाज लावला. छत्रीवाली म्हातारी सगळ्यांत पुढे, ड्वेन तोंडाभोवती हात धरून, रडणारा फील्डर नाक पुसत पुसत. सुमंतरावांनी टोपी काढून हवेत हलवली आणि त्या गजरात ते गाडीपर्यंत चालत गेले. मघाशी सॉरी म्हणालेल्या बाईने त्यांच्या पाठीवर एक शेंगदाणा मारला.

मक्याच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्याला लागल्यावर उत्तराताईंनी विषय काढला.

“अहो, चौथ्या इनिंगला तुम्ही माझ्यासमोर बसून कोथिंबीर निवडत होतात.”

“मेथी. कोथिंबीर तिसऱ्या इनिंगला संपली असेल.”

“आणि एकतीस वर्षं कधी एका व्हॉल्व्हवर...”

“उत्तरा, आता बोलू नकोस,” सुमंतराव स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून म्हणाले. “ट्रॅफिक आहे.”

दोन्ही बाजूंनी नजर पोचेल तिथवर रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती.